चारचौघांतले वर्तन आणि खासगीपणा : बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांच्या शिक्षणातील एक दुर्लक्षित धडा

मूल चालू-बोलू लागले की घरातील मंडळी त्याला अनेक गोष्टी जाणीवपूर्वक शिकवितात. घास कसा घ्यावा, वडीलधाऱ्यांना नमस्कार कसा करावा, पायतण कोठे काढून ठेवावे, हे त्याला पुनःपुन्हा सांगितले जाते. परंतु कोणती गोष्ट चारचौघांत करावी आणि कोणती दार लावून करावी, हे सहसा कोणी धडा म्हणून शिकवीत नाही. बहुतेक मुले ते पाहून उचलतात. पाहुणे आले की आई पदर सावरते, थोरला भाऊ न्हाणीतून बाहेर येताना टॉवेल गुंडाळून येतो, बहीण कपडे बदलताना दार ओढून घेते. या साऱ्यांतून मूल न सांगता शहाणे होते. चौथ्या वर्षी गल्लीतून उघडे धावणारे पोर सातव्या-आठव्या वर्षी आपण होऊन चड्डी मागू लागते.

ज्या मुलांच्या बौद्धिक विकासाची गती मंद आहे, अथवा ज्यांना स्वमग्नता आहे, त्यांना नेमके हे न सांगता उमजणेच कठीण जाते. दुसऱ्याची नजर, भुवयांची हालचाल, एकाएकी पडलेली शांतता यांतून नियम ओळखणे त्यांना साधत नाही. परिणामी बारा वर्षांचा मुलगा अंघोळ झाल्यावर तसाच सोप्यावर येऊन उभा राहतो. पंधरा वर्षांची मुलगी बाजारात परकर वर उचलून मांडी खाजविते. वीस वर्षांचा तरुण एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या गळ्यात हात टाकतो. पाहणारे त्याला निर्लज्ज किंवा वेडा ठरवून मोकळे होतात. काल चालत होते ते आज का चालत नाही, नियम कोणत्या दिवशी बदलला, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागातील पालकांना, शिक्षकांना आणि या मुलांशी कामानिमित्त संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांना हा धडा कसा द्यावा याची कल्पना यावी, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे. विषय संकोचाचा आहे खरा. तथापि मोठ्यांच्या संकोचाची किंमत या मुलांना मोजावी लागते, म्हणून त्याची उघड चर्चा होणे इष्ट आहे.

शरीर वयाप्रमाणे वाढते

पूर्वी या व्यक्तींना 'मतिमंद' म्हणण्याचा प्रघात होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमतांना मान्यता दिली असून त्यांत 'बौद्धिक अक्षमता' व 'स्वमग्नता' यांचा समावेश आहे. आपल्याकडे त्यांच्या शिक्षणाचे प्रयत्न मात्र कायद्यांच्याही आधीपासून चालत आले. मुंबईस जय वकील शाळा १९४४ मध्ये आणि पुण्यास 'कामायनी' ही संस्था १९६४ मध्ये सुरू झाली. केंद्र शासनाने सिकंदराबाद येथे या विषयाची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये स्थापन केली. अक्षरे, आकडे आणि हातकाम यांच्या बरोबरीने स्वावलंबन व समाजात वागण्याची रीत हा या शिक्षणाचा गाभा मानला जातो.

यासंबंधी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. अशा मुलाची बुद्धी पाच वर्षांच्या मुलाएवढी आहे, असे ऐकले की घरातील माणसे त्याला पंचविसाव्या वर्षीही पाच वर्षांचाच समजून वागवितात. त्याला अंगणात उघड्यावर अंघोळ घातली जाते, पाहुण्यांच्या मांडीवर बसविले जाते, त्याचे गालगुच्चे घेतले जातात. पण शरीर बुद्धीची वाट पाहत थांबत नाही. मुलीला पाळी तिच्या वयात येते. मुलाला मिसरूड वयात फुटते आणि त्याच्या मनात ओढीही त्याच सुमारास जागी होते. जयवंत दळवी यांनी 'नातीगोती' या नाटकातून असा वाढता मुलगा आणि त्याचे होरपळणारे आईवडील मराठी प्रेक्षकांपुढे उभे केले. दळवींच्याच लेखनावर आधारलेल्या 'कच्चा लिंबू' या २०१७ च्या चित्रपटानेही हाच प्रश्न पुन्हा मांडला. रंगमंचावर आणि पडद्यावर आपण जे पाहू शकतो, त्याविषयी पालकसभेत बोलण्यास हरकत नसावी.

आधी द्यावे, मग शिकवावे

या धड्याचे मुख्य सूत्र असे आहे : ज्याला खासगीपणा कधी मिळालाच नाही, त्याला खासगीपणाचा अर्थ शिकविता येत नाही.

अशा मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. त्याचे कपडे कोणीही, कोणाच्याही देखत बदलतो. तो संडासात असताना दार उघडे असते. त्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वी कोणी विचारीत नाही. त्याने अंथरूण ओले केले, मुलीची पाळी चुकली, या गोष्टी त्याच्या अथवा तिच्या समोरच शेजारणीला सांगितल्या जातात. आपले शरीर ही सर्वांच्या वापरातील वस्तू आहे, असा धडा त्याला वर्षानुवर्षे मिळत असतो. मग एके दिवशी त्याने चारचौघांत चड्डी सोडली की त्याच्या पाठीत रट्टा बसतो. हा रट्टा त्याला कळत नाही, कारण तो त्याच्या आजवरच्या अनुभवाशी जुळत नाही.

यास्तव आरंभ घरातील थोरांनी स्वतःपासून करावा. मूल आत असेल तर दार वाजवावे किंवा पडद्याबाहेरून हाक मारावी. अंग धुण्यापूर्वी, 'आता पाठ धुते हं,' असे सांगून मग हात लावावा. जेवढे त्याला स्वतः धुता येते तेवढे त्याच्याकडूनच धुवून घ्यावे. आठ-दहा वर्षांनंतर शक्य तेथे मुलाला पुरुषाने व मुलीला स्त्रीने मदत करावी. त्याच्या शरीराच्या गोष्टी त्याच्यादेखत चघळू नयेत.

येथे एक वाजवी शंका निघेल. निपाणी परिसरात असंख्य स्त्रिया मांडीवर सूप घेऊन घरीच विड्या वळतात. अनेक जणी तंबाखूच्या वखारीत कामाला जातात. दोन खणांच्या घरात सात माणसे राहत असताना खासगी खोली आणावी कोठून? त्याचे उत्तर असे की, खासगीपणाला खोली लागत नाही, खूण लागते. दोरीवर टाकलेले जुने लुगडे, न्हाणीला लावलेला गोणपाटाचा पडदा, संडासाच्या दाराला बसविलेली आतली कडी एवढ्यावर काम भागते. पडदा ओढला की कोणी आत यायचे नाही, हा नियम घरातील लहानथोर सर्वांनी पाळला पाहिजे. तो इतरांनी पाळलेला दिसला म्हणजेच मुलाला पडद्याचा अर्थ कळतो.

पहिला पाठ : जागा

खासगी जागा म्हणजे जेथे दार किंवा पडदा लावलेला आहे आणि आत आपण एकटेच आहोत, अशी जागा. हा नियम मुलाला याच दोन खुणांनी शिकवावा : दार लागले आहे काय, आणि मी एकटा आहे काय? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल तरच ती जागा खासगी.

न्हाणी, संडास, पडद्याआडचा कोपरा या जागा एका बाजूस आणि सोपा, अंगण, परडे, विहीर, देऊळ, शाळा, बाजार, एस.टी. या जागा दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी करावी. जागांची चित्रे किंवा छायाचित्रे काढून दोन टोपल्यांत टाकण्याचा खेळ घ्यावा. त्यानंतर प्रत्यक्ष घरातून व गल्लीतून मुलाला हिंडवून प्रत्येक ठिकाणी विचारावे. या मुलांना एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी लावणे जड जाते. शाळेतील संडासाचे दार लावणारा मुलगा मामाच्या घरी ते लावीलच असे नाही. म्हणून प्रत्येक नवीन जागेत पाठ पुन्हा द्यावा लागतो.

मोठ्यांच्या वागण्यातील विसंगतीही येथे विचारात घ्यावी. वेदगंगेच्या घाटावर पुरुष उघड्यावर अंघोळ करतात आणि रस्त्याकडेला भिंतीशी उभे राहून लघवीही करतात. मूल त्याचे अनुकरण शाळेच्या फाटकासमोर करते आणि मार खाते. नदीवरील अंघोळीचा नियम त्याला सुटा सांगावा : 'नदीवर अंघोळ चालते, चड्डी अंगावरच राहते.' भिंतीशी उभे राहण्याच्या सवयीला मात्र स्पष्टीकरण नाही. ती मोठ्यांनीच सोडली पाहिजे.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. निपाणीच्या स्थानकावर दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबतात. मूल एके दिवशी चिकोडीस जाते, दुसऱ्या दिवशी कोल्हापुरास. स्वच्छतागृहावरील पाटी एका ठिकाणी कन्नडमध्ये असते, दुसऱ्या ठिकाणी मराठीत. अक्षरे न येणाऱ्या मुलाला स्त्री-पुरुषांची चित्रखूण ओळखावयास शिकवावे आणि दोन्ही लिप्यांतील त्या एका-एका शब्दाचा आकारही चित्राप्रमाणे ओळखू द्यावा. पुरुषांच्या मुतारीत पँट पूर्ण खाली न सोडता केवळ पुढून उघडणे, शेजारच्या माणसापासून अंतर राखणे, समोर पाहणे आणि बाहेर येण्यापूर्वी कपडे नीट करणे, हे टप्पे वडिलांनी किंवा भावाने सोबत जाऊन शिकवावेत.

दुसरा पाठ : शरीर

शरीराच्या प्रत्येक भागाला नाव असते. नाक, कान, गुडघा यांची नावे आपण हौसेने शिकवितो आणि कमरेशी आलो की थबकतो. ज्याला नाव नाही, त्याविषयी मुलाला तक्रार करता येत नाही. घरात चालणारा लाडका शब्द डॉक्टरांना किंवा पोलिसांना समजेलच असे नाही. शिस्न, योनी, स्तन, गुद हे शब्द स्पष्ट आहेत. ते जड वाटल्यास घरातील सोयीचा एकच शब्द ठरवावा आणि तो शिक्षकांना सांगून ठेवावा. घरी मराठी व शाळेत अथवा दवाखान्यात कन्नड, अशी येथे अनेकांची स्थिती असते. तेव्हा दोन्हीकडे कोणता शब्द वापरला जाणार, हे एकदा ठरविणे अगत्याचे आहे. शरीराविषयी मराठीतून स्वच्छ भाषेत लिहिता येते, हे र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू करून दाखवून दिलेच आहे.

आतल्या कपड्यांनी झाकले जाणारे भाग हे खासगी भाग, ही व्याख्या मुलांना सहज कळते. हे भाग चारचौघांत दाखवावयाचे नाहीत, दुसऱ्याचे पाहावयाचे नाहीत. ते दुसऱ्याने हाताळावयाचे नाहीत. याला अपवाद दोनच : स्वच्छतेसाठी लागणारी घरच्या ठरलेल्या माणसाची मदत, आणि आई किंवा वडील जवळ असताना डॉक्टरांनी केलेली तपासणी.

वयात येणारी मुले स्वतःच्या खासगी भागास हात लावतात, हस्तमैथुन करतात. पालकांच्या मनात सर्वाधिक भीती याचीच असते. ही वाढीच्या वयातील स्वाभाविक गोष्ट आहे. तिने शक्तिपात होतो किंवा बुद्धी अधिक मंद होते, या समजुतीस आधार नाही. प्रश्न फक्त जागेचा आहे. असे वर्तन चारचौघांत दिसल्यास प्रथम शारीरिक कारण पाहावे. गजकर्ण, जंत, घट्ट कपडे, लघवीचा दाह यांमुळेही हात तेथे जातो. रिकामपण हेही एक मोठे कारण असते. यांपैकी काही नसल्यास शांत आवाजात एकच ठरलेले वाक्य म्हणावे : 'इथे नाही. आत, दार लावून.' आणि त्याला आत नेऊन सोडावे. मारल्याने ती क्रिया थांबत नाही, लपविली जाते. हसल्याने तर ती वाढते, कारण सर्वांचे लक्ष आपल्याकडे वळते हे मुलाच्या ध्यानात येते. आजीने, काकाने, शिक्षिकेने सर्वांनी तेच वाक्य म्हणणे महत्त्वाचे आहे. एकाने हसावे आणि दुसऱ्याने मारावे, यातून मूल काहीच शिकत नाही.

मुलींना पाळीचा धडा पाळी येण्यापूर्वीच दिला पाहिजे. आईने किंवा बहिणीने पाण्यात कुंकू कालवून कापडावर डाग दाखवावा, म्हणजे प्रत्यक्ष रक्त पाहून मुलगी घाबरत नाही. पॅड किंवा घडी कशी लावावयाची, कधी बदलावयाची, वापरलेली कागदात गुंडाळून कोठे टाकावयाची, हात कसे धुवावयाचे, याचे लहान टप्पे पाडावेत आणि एक टप्पा पक्का झाल्यावर पुढचा घ्यावा. ही गोष्ट आई, ताई, बाई यांना सांगावयाची, अंगणात ओरडून सांगावयाची नाही, हाही त्याच धड्याचा भाग होय. काही मुलींना हे सहा महिन्यांत जमते, काहींना तीन वर्षे लागतात.

हा धडा देण्याचे टाळले की काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहात राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलींची व स्त्रियांची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. त्यांना पाळीच्या वेळची स्वच्छता राखता येत नाही, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. स्त्री संघटनांनी व इतर अनेकांनी त्यास तीव्र विरोध केला. स्वच्छतेचा प्रश्न शिकवणुकीचा आणि पुरेशा मदतनिसांचा होता. त्याचे उत्तर शस्त्रक्रियेत शोधले गेले.

तिसरा पाठ : माणसे

कोणाशी किती जवळीक करावी, हे शिकविण्यासाठी अमेरिकेतील लेस्ली वॉकर-हर्श व मार्कलिन शँपेन यांनी एकात एक वर्तुळांची पद्धत तयार केली. ती आपल्याकडे अंगणातील रांगोळीने उत्तम साधते. मध्यभागी लहान वर्तुळ काढून मुलाला त्यात उभे करावे : हा मी. दुसऱ्या वर्तुळात आईवडील, भावंडे, आजीआजोबा. तिसऱ्यात नातलग व मित्र. चौथ्यात ओळखीची माणसे : शिक्षक, दुकानदार, आशाताई. सर्वांत बाहेर अनोळखी माणसे. प्रत्येक वर्तुळाला एक अभिवादन ठरवावे. आतल्यांना मिठी चालते, ती त्यांनाही हवी असेल तेव्हा. नातलगांशी व मित्रांशी हात मिळवावा. ओळखीच्यांना नमस्कार करावा. अनोळखी माणसाला अभिवादन केलेच पाहिजे असे नाही. आपला नमस्कार हे फार सोयीचे साधन आहे. त्यात आदर आहे, हसू आहे आणि स्पर्श नाही.

आपल्या भाषेतील एक गोड सवय येथे मुलांना गोंधळात टाकते. आपण कंडक्टरला 'मामा' म्हणतो, भाजीवालीला 'मावशी', अनोळखी माणसाला 'काका' किंवा 'अण्णा', रस्त्यातल्या बाईला 'अक्का'. शब्दाचा अर्थ शब्दशः घेणाऱ्या मुलाला जगातील प्रत्येक माणूस घरचाच वाटतो. मामाच्या गळ्यात पडावयाचे असते, हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो कंडक्टरच्या गळ्यात पडतो. संबोधने बदलण्याची गरज नाही, फरक शिकविण्याची आहे. 'घरचा मामा' आणि 'हाकेचा मामा' असे दोन शब्द करावेत, आणि हाकेचा मामा चौथ्या किंवा पाचव्या वर्तुळात उभा करावा.

वर्तुळांच्या पद्धतीला एक मर्यादाही आहे. या मुलांशी दुर्वर्तन करणारा माणूस पुष्कळदा अनोळखी नसतो, आतल्या वर्तुळातीलच असतो. यासाठी खासगी भागांचा नियम प्रत्येक वर्तुळाला सारखाच लागू आहे, हे ठसविले पाहिजे. 'हे आईला सांगू नकोस,' असे जो म्हणेल त्याची गोष्ट आईला सांगावयाचीच, हाही नियम पाठ करून घ्यावा. शिवाय ऐकणारी माणसे एकाहून अधिक असावीत. आई, एक शिक्षिका आणि आणखी एक, अशी तीन नावे ठरवावीत.

चौथा पाठ : 'नको' म्हणण्याचा हक्क

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे कौतुक करताना आपण 'फार गुणी आहे, सांगेल ते ऐकतो,' असे म्हणतो. त्यांच्या शिक्षणाचा बराच भाग आज्ञापालनाचा असतो. परंतु जो प्रत्येकाचे सर्व काही ऐकतो, तो गैरवर्तन करणाऱ्याचेही ऐकतो. म्हणून 'नको' हा शब्द शिकवावा लागतो, आणि शिकविल्यावर तो मानावाही लागतो.

आरंभ साध्या गोष्टींपासून करावा. दोन भाज्यांपैकी एक नको म्हणता यावी. पाहुण्यांनी जवळ ओढले असता मूल मागे सरले, तर 'अरे, जा की जवळ, आत्या आहे ना,' असा आग्रह करू नये. आत्याचा मान राखण्यासाठी नमस्कार आहेच. ज्याला बोलता येत नाही त्याला तळहात पुढे करण्याची खूण किंवा चित्राचे कार्ड द्यावे. सीमाभागातील मुलाला मराठीतील 'नको' बरोबरच कन्नडमधील 'बेड', जे इकडच्या तोंडी 'ब्याड' होते, तेही म्हणता आले पाहिजे आणि समोरच्याने म्हटलेले समजलेही पाहिजे. कारण हा धडा दुहेरी आहे. दुसऱ्याने 'नको' म्हटले की आपण थांबावयाचे, हे मुलग्यांना तितक्याच कसोशीने शिकवावे. मुलीच्या मागे चालत जाणारा, तिचा हात धरणारा तरुण मनात वाईट हेतू नसतानाही मार खातो, पोलीस ठाण्यात नेला जातो. कित्येक घरांत त्यानंतर त्याला कायमचे कोंडून ठेवतात. वेळेवर दिलेला धडा त्याला या कोंडवाड्यापासून वाचवितो आणि त्या मुलीलाही भयापासून वाचवितो.

कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा कायदा अठरा वर्षांखालील सर्व मुलामुलींना लागू आहे. बालकाच्या अक्षमतेचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार त्यात अधिक गंभीर गुन्हा मानला आहे. असा अपराध घडल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक असून न कळविणे हा अपराध आहे. शिक्षक, मुख्याध्यापक व ग्रामपंचायतीचे सदस्य यांनी ही तरतूद विशेष ध्यानात ठेवावी. गावात मिटवामिटवी करण्यास तेथे जागा नाही. जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेशात न येता, बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. बोलण्याची अडचण असलेल्या बालकासाठी विशेष शिक्षकाची किंवा त्याची भाषा समजणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते.

वयाची गणना मात्र जन्मतारखेवरून होते. पूर्ण वाढलेल्या व्यक्तीचे 'मानसिक वय' कमी असले तरी हा कायदा तिला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा प्रौढ व्यक्तींच्या संरक्षणासाठी भारतीय न्याय संहितेतील तरतुदी आहेत. तसेच आपल्या वर्चस्वाचा वापर करून दिव्यांग स्त्रीचे अथवा बालकाचे लैंगिक शोषण करणाऱ्यास २०१६ च्या अधिनियमानुसार सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. न्यायालयांनी या व्यक्तींच्या संमतीलाही मोल दिले आहे. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीचा गर्भ तिच्या इच्छेविरुद्ध काढता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंडीगडच्या एका प्रकरणात दिला.

काही घडल्याचा संशय आल्यास मुलावर विश्वास ठेवावा, पुनःपुन्हा उलटतपासणी घेऊ नये, अंग व कपडे धुण्याची घाई करू नये आणि १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

शाळा, शिबिरे आणि कार्यालये

घराने दिलेला धडा कार्यालयाने पुसून टाकू नये. दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरात एकाच मोठ्या खोलीत, रांगेतील सर्वांदेखत मुलाचे कपडे वर करून तपासणी झाली, तर दोन वर्षांची शिकवण एका सकाळी वाया जाते. पडद्याचा एक आडोसा, स्पर्शापूर्वी दोन शब्दांची सूचना आणि आईला जवळ उभे राहण्याची मुभा यासाठी वेगळा निधी लागत नाही. शाळेतील स्वच्छतागृहाला आतून लागणारी व प्रसंगी बाहेरून उघडता येणारी कडी हवी. मुलाच्या पाळीच्या, लघवीच्या किंवा वर्तनाच्या नोंदी वर्गात मोठ्याने वाचल्या जाऊ नयेत.

कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते व तालुका पातळीवर बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ते नेमलेले आहेत. तीव्र अक्षमता असलेल्या मुलांना घरी जाऊन शिकविण्याचीही व्यवस्था आहे. हे कार्यकर्ते, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि शाळेतील शिक्षक यांनी एकत्र बसून प्रत्येक मुलासाठी ठरलेले शब्द, ठरलेले वाक्य व ठरलेली अभिवादने एका वहीत लिहून ठेवावीत. वहीची एक प्रत घरी, एक शाळेत असावी. मूल जेथे जाईल तेथे त्याला तीच भाषा ऐकू आली म्हणजे त्याचे अर्धे शिक्षण सोपे होते.

पालकसभेत व शिक्षकांच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात अथवा शाळेत मुलाला कडी किंवा पडदा लावून एकटे राहता येईल अशी जागा कोणती? ती नसल्यास या आठवड्यात कशी करता येईल?

२. मूल आत असताना दार वाजविण्याचा नियम घरातील किती माणसे पाळतात?

३. शरीराच्या खासगी भागांसाठी घरी व शाळेत कोणते शब्द वापरले जातात? ते एकच आहेत काय?

४. मुलाने गेल्या महिन्यात कोणत्या गोष्टीला 'नको' म्हटले, आणि आपण ते मानले काय?

५. चारचौघांत अनुचित वर्तन घडल्यास म्हणावयाचे एक वाक्य सर्वांनी मिळून ठरवा. ते आजी-आजोबांना व शेजाऱ्यांना कोण सांगणार, तेही याच बैठकीत ठरवा.